तक्रार आल्यापासून फाइल मिटेपर्यंत: गोव्यात बाल संरक्षणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन तुम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा एखाद्या संस्थेत रुजू होता आणि थोड्याच दिवसांत टेबलावर कागद येतो: 'अमुक गावात मुलाला मारहाण व उपासमार होत असल्याची तक्रार आहे, चौकशी करून अहवाल द्यावा.' चौकशी करायची म्हणजे नेमके काय, कुठून सुरुवात, कुणाला विचारायचे आणि कुणाला मुळीच विचारायचे नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. त्यासाठीच हा लेख.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. गुन्हा कुणी केला हे शोधणे पोलिसांचे काम, आणि तो सिद्ध झाला की नाही हे ठरवणे न्यायालयाचे. तुमच्यापुढचा प्रश्न असा, की हे मूल आज रात्री कुठे झोपणार आणि तिथे ते सुखरूप राहील का? नवे कार्यकर्ते हमखास इथेच घसरतात. बापाने खरेच मारले का याचा छडा लावायच्या मागे लागतात, मुलाला उलटसुलट विचारतात, शेजाऱ्यांची साक्ष काढतात. त्यात पोलिसांचा तपास बिघडतो, मूल गोंधळते, आणि रात्रीची सोय कुणीच बघितलेली नसते.

आधी कायदे, पण पाठांतरासाठी नव्हे

गोव्यात तीन कायदे सतत हाताशी लागतात. गोवा बाल कायदा २००३, लैंगिक अपराधांपासून बालकांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, आणि बाल न्याय कायदा २०१५.

यातला पहिला आपल्या राज्याचा स्वतःचा आहे आणि तो मुळातून वाचावा. बालकाचा छळ म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या फार रुंद आहे. वागणूक नेहमीची असो वा एकदाच घडलेली, शारीरिक आणि मानसिक छळ, हेळसांड, मुलाच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे बोलणे, अन्न-निवारा नाकारणे, जखमी मुलावर वेळेवर उपचार न करणे, हे सगळे तीत येते. म्हणजे 'हात उगारला नाही, फक्त जेवायला दिले नाही' ही सबब इथे चालत नाही. याच कायद्याखाली पणजीत बाल न्यायालय आहे. हॉटेलांवरही जबाबदारी आहे: कुटुंबीय किंवा नातेवाइकांसोबत राहत असल्याची नोंद नसेल, तर मुलाला खोलीत जाऊ देता येत नाही. कळंगुट, बागा, हरमल, पाळोळे अशा किनारी भागात काम करणाऱ्यांनी हे कलम तोंडावर ठेवावे. रिसेप्शनवरच्या माणसाला ते माहीत असतेच असे नाही.

ही कलमे का आली हे समजायचे तर १९९१ मध्ये जावे लागते. मडगावात अनाथ मुलांसाठी बालगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला त्या वर्षी अटक झाली. तिथल्या मुलांचे वर्षानुवर्षे लैंगिक शोषण होत होते, त्यात परदेशी माणसेही गुंतलेली होती. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. अटक होईपर्यंत गावात तो परोपकारी गृहस्थ म्हणून ओळखला जात होता. माणसाच्या नावलौकिकाला तुमच्या अहवालात किती वजन द्यायचे, हे यावरून ठरवा.

पोक्सोबाबत एवढे पक्के ध्यानात ठेवा: लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा दाट शंका असेल तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभर. मुख्याध्यापक 'आधी आमची अंतर्गत समिती बघेल' म्हणाले, तर त्यांना हे शांतपणे सांगा. तुम्हीही 'आधी खात्री करून घेतो' म्हणून थांबायचे नाही. खात्री करणे तुमचे काम नाही.

तक्रार लिहून घेणे

तक्रार कुठूनही येते. १०९८ वर फोन येतो. ही हेल्पलाइन आता सरकारी यंत्रणेतून चालते आणि ११२ ला जोडलेली आहे. शाळेच्या बाई कळवतात, अंगणवाडी सेविका येऊन सांगते, इस्पितळाच्या कॅज्युअल्टीतून डॉक्टर फोन करतात. फोन घेताना एकच सवय लावा: मत आणि पाहिलेले वेगळे लिहायचे. 'सावत्र आई दुष्ट आहे' हे मत. 'मंगळवारी वर्गात त्याला बाकाला पाठ टेकवता येत नव्हती' हे पाहिलेले. समोरचा मत सांगत असेल तर विचारा, 'तुम्ही स्वतः काय पाहिलंत? कधी? तेव्हा आणखी कोण होतं?' नाव सांगायला तो कचरला तर जबरदस्ती नको. निनावी तक्रारीचीही नोंद होते.

गोव्यातल्या तक्रारींना दुसरा एक पदर असतो. भाटकार-मुंडकाराचा, म्हणजे जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा जुना दावा, घराच्या वाटणीवरून दोन भावांत वैर, पंचायत निवडणुकीतली खुन्नस, नवराबायकोतला मुलाच्या ताब्याचा झगडा. हे कळले की 'म्हणजे तक्रार खोटी' असा निष्कर्ष सुचतो. तो काढू नका. वाईट हेतूने केलेली तक्रारही खरी निघू शकते, आणि वैऱ्याचेच लक्ष कधीकधी सगळ्यांत बारीक असते. हेतू नोंदवा आणि पुढे चला.

मग घाई ठरवा. मूल पाच वर्षांच्या आतले आहे, अंगावर ताजी जखम आहे, आजारी असून औषध मिळत नाही, ज्याच्यावर संशय आहे तो त्याच छपराखाली राहतो, किंवा मुलाने स्वतःला इजा करायची भाषा केली आहे, यातले काहीही असले तर आत्ता निघायचे. लैंगिक अत्याचाराचा मामला असेल तर घरभेट नाही, आधी पोलीस. बाकीच्यात एखाद-दुसरा दिवस मिळतो, आठवडा मिळत नाही.

निघण्याआधी

एकट्याने जाऊ नका. वरिष्ठांना ठिकाण आणि परतायची वेळ सांगा, ओळखपत्र घ्या. सरपंचाला किंवा पंचाला 'जरा सोबत या' म्हणण्याचा मोह होतो, कारण घर सापडत नसते. पण लहान गावात अमक्याचे घर कुठे हे विचारले की संध्याकाळपर्यंत वाडाभर बातमी. पत्ता शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदीतून काढा आणि जमेल तेव्हा मुलाला आधी शाळेतच भेटा.

भाषेची सोयही आधीच बघायची. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या पट्ट्यात मूल शाळेत मराठी शिकते आणि घरी कोंकणी बोलते. झुआरीनगर किंवा चिंबलसारख्या वस्त्यांत ते कन्नड, लमाणी किंवा हिंदी बोलत असेल. दुभाषा लागणार असेल तर बाहेरचा घ्या. मोठ्या बहिणीला किंवा शेजारणीला दुभाषा करू नका. ज्याची भीती आहे त्याच्या माणसासमोर मूल काय बोलणार?

घरभेट

समजा, डिचोली तालुक्यातले एक गाव. शाळेच्या बाईंनी कळवले आहे की दुसरीतला एक मुलगा सोमवारी भुकेने कासावीस होऊन येतो, माध्यान्ह आहार दोनदा मागून खातो, आणि पायावरची जखम बरी होत नाही. त्याची आई वारली आहे, तो काका-काकीकडे राहतो.

दारात उभे राहून पहिले वाक्य काय बोलायचे ते ठरवून जा. मी साधारण असे म्हणते: 'वहिनी, मी जिल्हा बाल संरक्षण कक्षातून आले. मुलाच्या तब्येतीबद्दल आमच्याकडे काळजीची माहिती आली आहे. तुमच्याशी बोलायचं आहे, जरा बसू का?' कुणी कळवले हे सांगायचे नाही, दहादा विचारले तरी नाही. शाळेचा उल्लेखही नको. खोटे कारणही काढू नका. 'योजनेचा सर्व्हे करायला आलो' म्हणून आत शिरलात, तर खरे कळल्यावर ते दार पुन्हा उघडणार नाही.

पाणी दिले तर घ्या. माणुसकी म्हणून घ्याच, आणि पाणी येईपर्यंत स्वयंपाकघराचे दार उघडे असते. चूल किंवा गॅस आज पेटला आहे का? पेजेचे टोप कुठे आहे? तांदळाचा डबा भरलेला आहे की तळाला लागलेला? मग अंथरुणे बघा. घरात किती माणसे आणि किती चटया? हे मूल कुठे झोपते असे सहज विचारा आणि ती जागा दाखवायला सांगा. औषधाची बाटली असेल तर तिच्यावरची तारीख बघा. दाराला बाहेरून कडी असेल तर ती कधी लावतात हे विचारा.

आता इथे खरा कस लागतो. गरिबी आणि हेळसांड वरून एकसारखी दिसते. काजूच्या हंगामात आई-बाप पहाटे बोंडे वेचायला डोंगरावर जातात, मूल एकटे राहते, दुपारी उठून थंड पेज खाते. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये परत बंद पडल्या, तेव्हा ट्रकच्या हप्त्यांवर उभी असलेली डिचोली-सत्तरीतली कितीतरी घरे खचली. अशा घरात दूध नसणे हा गुन्हा नाही. जखमेसाठी आई एकदा आरोग्य केंद्रात जाऊन आली, 'परवा परत या' म्हटल्यावर रोज बुडवून जाऊ शकली नाही, तर त्या बाईला दोषी ठरवणारा अहवाल लिहिणे हा अन्याय आहे. तिला लागते ती मदत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बाल संरक्षण योजनेखाली पात्र मुलाला महिना ४,००० रुपये प्रायोजकत्व मिळते. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. अर्ज भरून देणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

मग हेळसांड ओळखायची कशी? माझ्या अनुभवात सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे एकाच छपराखालच्या दोन मुलांमधला फरक. आपल्या उदाहरणातल्या घरात काकीची स्वतःची दोन मुले आहेत. त्यांचे गणवेश खुंटीला इस्त्री करून टांगलेले, याचा एकच शर्ट दोरीवर. त्यांच्या ताटल्या फडताळात, याची पितळी बाहेर न्हाणीपाशी. त्यांची अंथरुणे आतल्या खोलीत, आणि याची गोणपाटाची वळकटी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली. तांदळाचा डबा भरलेला आहे. या घरात पैसा कमी नाही, या मुलापुरते सगळे कमी आहे. हे असेच लिहा, वस्तूंसकट, जागेसकट. 'मुलाकडे दुर्लक्ष होते' एवढे लिहून बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलाबद्दलचा निर्णय घेणाऱ्यांना, काहीच दिसत नाही.

मोठ्या माणसांचेही ऐकून घ्या, आणि मनापासून. काकी कदाचित म्हणेल, 'माझ्या गळ्यात बांधला, मला विचारलं कोणी?' तिच्या त्या वाक्यात सहा महिन्यांनंतरचा मार्ग असू शकतो. तिच्याशी भांडून काही साधत नाही. मात्र तिथल्या तिथे कसलेही आश्वासन देऊ नका, आणि दमही नको.

मुलाशी बोलणे

यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या आणि सगळ्यांत कमी बोला.

जागा अशी हवी की कुणी दारात येऊन उभे राहणार नाही. शाळेत बसणार असाल तर मुख्याध्यापकांची खोली नको. मुलाला तिथे शिक्षा आठवते. त्याच्यापेक्षा खाली किंवा त्याच्या पातळीवर बसा. कागद, खडू द्या. सुरुवातीला शाळेतला मित्र, चवथीत गणपतीवर बांधायची माटोळी, शिगम्यातला रोमट मेळ, काहीही. यातून दोन गोष्टी कळतात: मूल कुठल्या भाषेत मोकळे होते, आणि घडलेली साधी गोष्ट ते कसे सांगते.

मग मोकळे प्रश्न. 'मला आणखी सांग.' 'मग काय झालं?' बस, एवढेच. 'काकीने मारलं ना?' हा प्रश्न विचारलात की पुढचे सगळे बिनकामाचे. मुले मोठ्यांना खूश करायला हो म्हणतात. 'का' सुद्धा टाळा. 'तू आधी का नाही सांगितलंस?' हे मुलाला आरोपासारखे लागते.

तुकड्यातुकड्यांनी ते असे येते:

'पायाला काय झालं?'
'पडलो.'
'पडलास. मला आणखी सांग.'
मूल खडूने रेघा मारत राहते. तुम्ही थांबता. हे थांबणे जड जाते, पण थांबायचेच.
'काकी रागावली.'
'काकी रागावली की काय होतं?'
'भायर.'
'भायर. मग?'
'भायर न्हिदतां. पाऊस आसलो.'

इथे बास. पायाला ते पावसात, अंधारात लागले का, किती रात्री, हे खणून काढायचे नाही. मूल बाहेर झोपते एवढे कळले, आणि रात्रीच्या निर्णयाला ते पुरेसे आहे. पुढे पोलीस जबाब घेतील, दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होऊ शकतो, डॉक्टर विचारतील, न्यायालयात उलटतपासणी होईल. प्रत्येक वेळी सांगताना मूल तेच पुन्हा जगते, आणि शब्द जरासे बदलले की बचावाचे वकील तेच धरतात. म्हणून आपल्या वाटचे प्रश्न कमीत कमी ठेवायचे.

'कुणाला सांगणार नाहीस ना?' असे मूल विचारते. 'नाही सांगणार' म्हणू नका. 'तुला सांभाळायचं ज्यांचं काम आहे त्यांना मला सांगावं लागेल. बाकी कुणाला सांगणार नाही,' असे म्हणा आणि तसेच वागा. सांगितलेले मूल दुसऱ्या दिवशी फिरवते, हेही नेहमीचे आहे. रात्रीत घरच्यांनी समजावलेले असते, किंवा आपल्यामुळे बाबांना पोलीस नेतील या भीतीने ते गप्प होते. फिरवले म्हणजे खोटे बोलले, असे धरू नका. दोन्ही वेळचे तारीखवार लिहा.

मूल अपंग असेल, बोलता येत नसेल, तर विशेष शिक्षक किंवा खुणांची भाषा जाणणारा दुभाषा मिळण्याची तरतूद पोक्सोत आहे. 'त्याला काही सांगता येत नाही' असे लिहून फाइल पुढे ढकलणे हा त्या मुलावर दुसरा अन्याय.

जखमांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नका, आणि कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ आणि पोक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. नाव न घेता 'अमक्या वाड्यावरचा, दुसरीतला, आई नसलेला' असे बोललात तरी गोव्यासारख्या राज्यात सगळ्यांना कळते. चहाच्या टपरीवरही ते बोलायचे नाही.

आजची रात्र

आता ठरवायचे. मूल घरी राहू शकते का? ज्याच्यापासून धोका आहे तो घराबाहेर राहू शकतो का? घर सोडायचे ते ज्याच्यापासून धोका आहे त्याने, मुलाने नव्हे, हा प्रयत्न आधी करा. ते जमत नसेल तर आजी, मामा, आत्या. पण नातेवाइकाकडे पाठवण्याआधी ते घरही तितकेच बारकाईने बघा. संशयित तिथे रात्री उठबस करतो का? मामाला गोष्ट खरी वाटते, की 'पोरगं बंड आहे' असे तो म्हणतो? विश्वास न ठेवणाऱ्या नातेवाइकाकडे मूल सुखरूप नसते.

हेही जमत नसेल तरच बालगृह. कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय आहे. मेरशीचे अपना घर हे नाव तुमच्या कानावर पहिल्याच दिवशी येईल. तिथे नेण्याचा अधिकार मात्र एकट्या तुमचा नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल बाल कल्याण समितीपुढे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत हजर करावे लागते. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही नेता येते. 'आज शनिवार आहे, सोमवारी बघू' हे कारण कुणी दिले तर ऐकू नका. मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नका, हेतू कितीही चांगला असो. पोलीस स्थानकात रात्री ठेवायचे नाही, ते कायद्यानेच बंद आहे.

नेताना मुलाला सांगा: कुठे जातोय, तिथे कोण असेल, दप्तर बरोबर आहे का, उद्या शाळा आहे की नाही. धाकटे भावंड मागे राहत असेल तर मुलाला त्याची काळजी जास्त असते. त्या भावंडाची चौकशीही आजच, उद्यावर नको.

इस्पितळ

साध्या जखमेला जवळचे आरोग्य केंद्र. गंभीर असेल तर म्हापशाचे आझिलो इस्पितळ, मडगावचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ. लैंगिक अत्याचाराच्या मामल्यात गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते, मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि मुलाचा विश्वास असलेले माणूस तिथे हजर राहू शकते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा: आंघोळ घालू नका, कपडे बदलले असतील तर धुवू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकमध्ये ओल धरते. डॉक्टरांना काही खूण सापडली नाही म्हणजे काही झाले नाही असा अर्थ होत नाही. आईबापांना हे तुम्हीच समजावून सांगायचे. मानसिक उपचारांसाठी बांबोळीलाच मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे, आणि तिथे पाठवताना 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून घरचे अडतील, याची तयारी ठेवा.

अहवाल

समितीने आदेश दिल्यावर सामाजिक तपास पंधरा दिवसांत पूर्ण करायचा असतो. या अहवालासाठी ठरलेला नमुना २२ समोर ठेवा, पण रकाने भरणे म्हणजे अहवाल नव्हे. घरातून निघाल्यावर गाडीत बसल्याबसल्या वहीत नोंदी करा, वेळेसकट. रात्री लिहू म्हटले की आपली मते त्यात मिसळतात.

अहवाल बहुधा इंग्रजीत जातो. मुलाचे शब्द मात्र जसेच्या तसे, त्याच्या बोलीत, देवनागरीत उतरवा आणि खाली अर्थ द्या. शरीराच्या भागांसाठी मूल जो शब्द वापरते तोही तसाच. सभ्य शब्द घातलात की साक्ष मुलाची राहत नाही. विशेषणे काढा. 'बाप दारुडा आहे' हे लिहिण्याऐवजी 'सकाळी साडेदहाला बापाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, उभे राहताना त्याने खांबाचा आधार घेतला' असे लिहा. कुटुंबाच्या बळाच्या गोष्टीही लिहा: आजी रोज शाळेत सोडते, लसी वेळेवर आहेत, काकी मदत घ्यायला तयार आहे. शेवटी शिफारस स्पष्ट हवी. मूल कुठे राहावे, कोणी काय करावे, कधीपर्यंत. कित्येक वर्षांनी हाच कागद हातात देऊन वकील तुम्हाला पिंजऱ्यात उभे करतील, तेव्हा त्यातले प्रत्येक वाक्य तुम्ही पाहिलेले असले पाहिजे.

गावाचा दाब

दोन-चार दिवसांत फोन सुरू होतात. 'बाई, घरातली गोष्ट आहे, देवळात बसून मिटवूया.' 'पोरीचं पुढं लग्न व्हायचंय.' 'चवथ तोंडावर आहे, इतक्यात नको.' बोलणारी माणसे बहुतेक वाईट नसतात, त्यांना गावाची अब्रू वाचवायची असते. एकच उत्तर ठेवा: हे प्रकरण समितीपुढे आहे, माझ्या हातात नाही. मुलांवरचा लैंगिक अत्याचार पंचांपुढे मिटत नसतो. फोन कुणाचा, कधी आला याची नोंद फाइलीत करा आणि वरिष्ठांना लेखी कळवा. पुढे तेच कामी येते.

पोक्सोच्या मामल्यात मुलाला सहायक व्यक्ती देण्याची तरतूद २०२० च्या नियमांत आहे. ही व्यक्ती तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर राहते. न्यायालयाची तारीख समजावणे, आरोपी समोर येणार नाही अशी व्यवस्था आहे ना ते बघणे, प्रवासभाड्याची सोय, हे तिचे काम. तातडीच्या गरजांसाठी, अन्न, कपडे, प्रवास, विशेष मदतीची शिफारसही समिती करू शकते. मागितल्याशिवाय हे मिळत नाही, म्हणून पहिल्याच सुनावणीत मागा.

म्हातारी माणसे

याच कामात कधी आजी-आजोबांची तक्रार येते. घरभेटीचे सगळे वरचेच नियम लागू, हेल्पलाइन १४५६७, कायदा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा, २००७ चा. आईवडिलांना सोडून देणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि पोटगीसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. गोव्यात एक गोष्ट वेगळी. इथल्या कौटुंबिक कायद्यात लग्न झाल्यावर सर्वसाधारणपणे पती-पत्नी मालमत्तेचे अर्ध्या अर्ध्या हिश्शाचे मालक होतात. 'सासूचं इथं काय आहे?' असे सून म्हणते, तेव्हा बहुधा सासूचे अर्धे घर असते, आणि त्या बाईला ते कुणी सांगितलेलेच नसते. कागद न बघता तिला आश्रमात हलवू नका. आश्रमच हवा असेल तर प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेचे वृद्धाश्रम आहेत.

फाइल मिटवणे

बऱ्याच फाइली चुकीच्या वेळी बंद होतात: मूल घरी परतले, सगळे हसतमुख, सही झाली. घरी परतल्यानंतरचा पहिला महिना जोखमीचा. त्या काळात न कळवता जा, वेगवेगळ्या वेळी जा, त्यातली एक भेट सुट्टीच्या दिवशी ठेवा. शाळेच्या बाईंना विचारा की सोमवारी मूल कसे येते. मेच्या सुट्टीत शाळा बंद असते, म्हणजे मुलाला रोज बघणारे डोळेच नसतात. त्या दिवसांत अंगणवाडी सेविकेशी बोलून ठेवा. काकीला दिलेले शब्द पाळले गेले का तेही बघा: प्रायोजकत्वाचे पैसे खात्यात जमा झाले का, समुपदेशनाची तारीख मिळाली का.

मिटवण्याआधी मुलाला एकट्याने भेटून तीन गोष्टी विचारा. आता कुठे झोपतोस? भूक लागली तर कुणाला सांगतोस? भीती वाटली तर कुणाकडे जाशील? तिसऱ्याला त्याने एखाद्या माणसाचे नाव घेतले तर त्या माणसाला स्वतः जाऊन भेटा, १०९८ चा आकडा त्याच्याकडे आणि मुलाकडे दोघांकडेही आहे का बघा, आणि ते नाव शेवटच्या अहवालात लिहा. नाव घेता आले नाही तर फाइल उघडी ठेवा, पुढच्या भेटीची तारीख टाका आणि समितीला तसे कळवा.